किलोनं घ्या, टक्क्यानं विका

दुधाला फॅट लागते, उसाला उतारा लागतो. आणि ज्या पिकांची सगळी किंमत आतल्या चिमूटभर द्रव्यात दडलेली असते, ती अश्वगंधा, ती हळद, ती सफेद मुसळी मात्र आपण बटाट्यासारखी पोत्यात भरतो आणि काट्यावर चढवतो. किती भरलं? पन्नास किलो. आत काय भरलंय? ते विचारायचं नसतं, सौदा मोडतो.

सध्या औषधी वनस्पतींमधलं सक्रिय द्रव्य वाढवण्यावर चर्चासत्रांचं पीक जोरात आहे. पाण्याचा ताण द्या, सॅलिसिलिक आम्ल फवारा, मुळाशी मायकोरायझा सोडा, सुधारित वाण लावा, काढणी अमक्याच दिवशी करा. पडद्यावर आलेख चढत असतात. उतरणारा आलेख घेऊन चर्चासत्राला कुणी येत नाही. मागच्या रांगेत एखादा शेतकरी असतोच. तो हात वर करून विचारतो, "साहेब, टक्का वाढला तर भाव किती वाढंल?" त्यावर सूत्रसंचालक घड्याळाकडे बघतात आणि चहाची घोषणा करतात.

अख्ख्या सभागृहात मुद्द्याचा प्रश्न तेवढाच एक असतो.

आधी त्या द्रव्याचं बघू. अश्वगंधा विथॅनोलाइड बनवते ती तुमच्या-आमच्या झोपेसाठी नव्हे आणि हळद कर्क्युमिन बनवते ती नवरदेवाच्या अंगाला लावण्यासाठी नव्हे. झाडाला पळून जाता येत नाही. किडा आला, बुरशी लागली, ऊन तापलं, पाणी तुटलं, तरी जागच्या जागी उभं राहून निभवायचं. त्यासाठी ही द्रव्यं. आता अशा झाडाला ठिबकनं रोज पाणी पाजलं, युरियाची गोणी ओतली, अंगावर माशी बसू दिली नाही, तर ते फोफावणारच. मुळी जाड होते, आत पिष्ट भरतं. द्रव्य होतं तेवढंच राहतं किंवा जरासं वाढतं, अंग मात्र दुप्पट, टक्का खाली. हे सगळ्या पिकांना सरसकट लागू नाही. अल्कलॉइडच्या रेणूत नत्र असतं, त्यामुळे अल्कलॉइडवाल्या काही पिकांना नत्र मानवतं. आणि ताण देण्याच्या नादात पीकच वाळवलं, तर टक्का उत्तम आणि पोतं रिकामं. एकरी किती द्रव्य निघालं, म्हणजे वजन गुणिले टक्का, हा खरा हिशेब.

मध्य प्रदेशातल्या नीमच-मंदसौर पट्ट्यात अश्वगंधा हलक्या, मुरमाड रानात होते. पावसाच्या अखेरीस पेरायची, पुढे फारसं पाणी दाखवायचं नाही, उन्हाळ्याच्या तोंडावर उपटायची. तिथल्या जुन्या शेतकऱ्यांनी हे प्रयोग म्हणून केलं नाही. चांगली जमीन गव्हाला आणि लसणाला राखली, उरलेली असगंधला दिली. दुर्लक्ष हेच तंत्रज्ञान, आणि ते फुकट होतं. चरकानं तर कल्पस्थानात वेळापत्रकच देऊन ठेवलंय: मुळं ग्रीष्मात किंवा शिशिरात, पानं गळून गेल्यावर, साल, कंद आणि चीक शरदात, गाभ्याचं लाकूड हेमंतात. आज काढणीचा ऋतू एकच उरलाय, मजूर मिळतील तो.

आता थोडं गणित. समजा, रामभाऊंनी हलक्या रानात, बेतानं पाणी देऊन हेक्टरी पाच क्विंटल सुकी मुळी काढली आणि तिच्यात विथॅनोलाइड निघालं ०.६ टक्का. शामभाऊंनी पाणी-खताचा मारा करून आठ क्विंटल काढली, टक्का ०.३. रामभाऊंच्या मालात तीन किलो द्रव्य आहे, शामभाऊंच्या मालात दोन किलो चारशे ग्रॅम. भाव धरा क्विंटलला तीस हजार. रामभाऊंना दीड लाख, शामभाऊंना दोन लाख चाळीस हजार. ज्यानं औषध कमी दिलं त्याला नव्वद हजार जास्त! पुढच्या वर्षी रामभाऊ काय करतील, हे सांगायला कृषी विद्यापीठाची गरज नाही.

बरं, जाड, पांढरीशुभ्र, मोडल्यावर पिठूळ लागणारी मुळी ही बाजारात पहिल्या प्रतीची. बारीक, तंतुमय मुळीत द्रव्याचं प्रमाण पुष्कळदा जास्त निघतं, पण ती दिसायला दरिद्री, म्हणून तिची प्रत शेवटची. मुलगी दाखवण्याचा कार्यक्रमसुद्धा यापेक्षा शास्त्रीय असतो.

याच मुळीचा अर्क पुढे कॅप्सूलमध्ये जातो, तेव्हा डबीवर ठळक छापलेलं असतं: विथॅनोलाइड ५ टक्के. म्हणजे शेतापासून कारखान्याच्या फाटकापर्यंत टक्का नावाची गोष्ट अस्तित्वातच नसते आणि फाटकाच्या आत गेल्याबरोबर ती जन्माला येते. अर्क काढणारा चांगला कारखाना माल तपासल्याशिवाय टाकीत घालत नाही, तेव्हा आकडा त्याच्याकडे असतो. आकडा कमी आला की माल परत करायला तो कामी येतो. जास्त आला की त्याची वाच्यता होत नाही.

सकाळी साडेसहाला कुठल्याही गावच्या दूध संकलन केंद्रावर जाऊन उभे राहा. किटलीतलं दूध मापात पडतं, त्यातलं घोटभर यंत्राच्या नळीखाली धरलं जातं, मिनिटभरात लाल आकडे उमटतात आणि पावती फाटते: लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून उरलेले घन पदार्थ), दर. ज्याची शाळा चौथीत सुटली तोसुद्धा गाईच्या दुधाच्या ३.५ आणि ८.५ या आकड्यांवर तावातावानं भांडू शकतो. "काल ३.६ लागली, आज ३.३ कशी?" घरी जाताना डोक्यात तेच घोळत असतं. वैरणीत बदल, सरकी पेंड वाढवायची की नाही, पाणी कधी पाजायचं, संध्याकाळी गोठ्यात प्रयोग सुरू. फॅट वाढवायचं शास्त्र त्याला कुणी प्रोजेक्टरवर शिकवलं नव्हतं. त्या बोटभर पावतीनं शिकवलं.

उसाचंही तसंच, निदान कागदावर. २०२५-२६ च्या हंगामाची एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला रास्त दर, क्विंटलला ३५५ रुपये, तीही १०.२५ टक्के उताऱ्याला. वरच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३.४६ रुपये अधिक. उतारा अख्ख्या कारखान्याचा धरतात, तुमच्या फडाचा नव्हे, त्यामुळे ज्याचा ऊस गोड त्याच्या जिवावर शेजाऱ्याची चंगळ होते. आणि काट्याबद्दल बोलायला लागलो तर आजचं सदर उसातच संपेल. पण तत्त्व तरी सगळ्यांना मान्य आहे: आत साखर किती, त्यावर पैसे.

औषधी झाडाला असलं काही लागू होत नाही, असं कुणी म्हणेल. त्याला दीडशे वर्षं मागे, निलगिरीत न्यायला हवं. १८६० च्या दशकात उटीच्या सरकारी बागेचा अधीक्षक विल्यम मॅकआयव्हर तिथं सिंकोनाची लागवड वाढवत होता. सिंकोनाच्या सालीत क्विनाइन, मलेरियावरचं त्या काळचं हुकमी औषध. साल हवी तर झाड पाडा, ही जुनी रीत. या गृहस्थानं बुंध्यावरून सालीच्या उभ्या पट्ट्या सोलायला सुरुवात केली. एक पट्टी काढायची, शेजारची ठेवायची, आतल्या ओलसर थराला नखसुद्धा लागू द्यायचं नाही, आणि उघड्या पडलेल्या जागेवर ओलं शेवाळ बांधून टाकायचं. शेवाळाखाली नवी साल धरली. लंडनला जॉन एलियट हॉवर्ड या सिंकोनाच्या जाणकारानं ती तपासली, तर जुन्या सालीपेक्षा सरस निघाली. झाड जिवंत, साल पुन्हा हजर, द्रव्य जास्त. खर्च काय, तर शेवाळ आणि दोरी.

तिकडे जावात डच त्याच्याही पुढे गेले. १८६५ मध्ये चार्ल्स लेजर या इंग्रज व्यापाऱ्यानं बोलिव्हियातून मिळवलेलं सिंकोनाचं बी लंडनमध्ये इंग्रज सरकारपुढे धरलं गेलं. सरकारनं ते नाकारलं, डचांनी थोडं विकत घेतलं. (ज्या मॅन्युएल इन्क्रा मामानीनं ते बी रानोमाळ हिंडून जमवलं होतं, त्याला पुढे तिकडे तुरुंगात डांबून मारहाण झाली आणि त्यातच तो गेला. टक्क्यातला वाटा मुळापर्यंत पोचत नाही, ही प्रथा जुनीच.) जावात डचांनी एकेका झाडाची साल रसायनशाळेत तपासली, उत्तम निघालेल्या झाडांची कलमं दुसऱ्या जातीच्या दणकट खुंटावर बांधली. काही झाडांची साल तेरा टक्क्यांपर्यंत गेली. दुसऱ्या महायुद्धापर्यंत जगातलं बहुतेक क्विनाइन जावातून येत होतं.

आता यातली खरी गोम. अॅमस्टरडॅमच्या लिलावात सालीचा भाव पुकारला जाई तो 'युनिट'वर, म्हणजे अर्ध्या किलो सालीतल्या एकेका टक्का क्विनाइनमागे. पाच टक्क्यांच्या सालीला पाच युनिटचे पैसे, दहाच्या सालीला दहाचे. तपासणीचा आकडा कळल्याशिवाय सौदाच नाही. म्हणून मळेवाले पदरी रसायनतज्ज्ञ बाळगायचे. एकोणिसाव्या शतकात, ना संगणक ना ड्रोन, सालीचा टक्का काढून लिलाव होत होता. आणि एकविसाव्या शतकात आपल्याकडे मोबाइलवर बाजारभाव कळतो, तो क्विंटलचा.

बरं, आपल्या सरकारला हे जमत नाही असंही नाही. त्याच नीमच-मंदसौरमध्ये अफूची परवानगीची शेती आहे. तिथं पट्टा, म्हणजे परवाना, पूर्वी हेक्टरी किती किलो अफू घातली यावर टिकायचा. अलीकडे सरकारनं माप बदललं: हेक्टरी ४.२ किलो मॉर्फिन बसलं पाहिजे. चीक किती गोळा केला याच्या जोडीला चिकात काय आहे हेही आलं, ते प्रयोगशाळा ठरवते आणि त्यावर पुढच्या वर्षीचा पट्टा. प्रयोगशाळेच्या आकड्यावर कुरकुर होणारच, तशी ती दुधाच्या फॅटवरही होते. पण बघा गंमत. बांधाच्या अलीकडे अफू, तिचं मॉर्फिन ग्रॅममध्ये मोजतात. बांधाच्या पलीकडे असगंध, तिचं पोतं पायानं ढकलतात. सरकारला जिथं द्रव्य खरोखर हवं असतं, तिथं ते नीट मोजता येतं.

जिथं मोजमाप नसतं तिथं बाटली येते. कृषी सेवा केंद्राच्या फळीवर बघा, सोनेरी झाकणाची टॉनिकं रांगेनं उभी असतात. एक मूळ वाढवतं, एक चकाकी आणतं, एक 'औषधी गुणधर्म' वाढवतं. २०२१ पासून अशी बायोस्टिम्युलंटं खत नियंत्रण आदेशाच्या कक्षेत आली, ते बरंच झालं. यामागचं शास्त्र खोटं नाही हेही सांगायला हवं. जास्मोनेट, कायटोसान, सॅलिसिलिक आम्ल यांचा इशारा मिळाला की झाडाला हल्ला झाल्याचा भास होतो आणि ते द्रव्य बनवायला घेतं. टाकीत वाढवलेल्या पेशींवर तर याचे पुष्कळ प्रयोग झालेत. जपानच्या मित्सुई कंपनीनं १९८३ च्या सुमारास शेताला फाटा देऊन टाकीतच पेशी वाढवल्या, त्यातून शिकोनिन नावाचं लाल द्रव्य काढलं आणि ते लिपस्टिकमध्ये गेलं. पण टाकीत तापमान, साखर, हवा सगळं मुठीत असतं. शेतात फवाऱ्याची वेळ चुकली, मात्रा चुकली, दुसऱ्या दिवशी पाऊस आला, की इशारा वाहून गेला आणि बिल राहिलं. आणि बाटलीनं टक्का वाढला की नाही, हे कळायला आधी टक्का कळायला हवा ना? तो कळतच नाही, हेच बाटलीचं भांडवल.

आता हळदीकडे. सांगलीच्या सौद्यात व्यापारी ढिगात हात घालतो, हळकुंड उचलतो, अंगठ्यानं चोळून पॉलिश बघतो, मग मोडतो. मोडताना कटकन आवाज आला पाहिजे, म्हणजे माल नीट वाळलाय. मग आतला रंग डोळ्यांजवळ नेतो. ही विद्या खरीच आहे, पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. ओल, शिजवण, कीड, सगळं त्या एका मोडण्यात कळतं. कर्क्युमिनचा नेमका आकडा मात्र कळत नाही. वर्धा जिल्ह्यातल्या वायगावच्या हळदीची ख्याती सहा टक्क्यांच्या आसपासच्या कर्क्युमिनसाठी, तिला भौगोलिक मानांकनही आहे. ती आणि निम्म्या टक्क्याची एखादी देखणी हळद शेजारी शेजारी ठेवली, तर डोळा देखणीच्या बाजूनं झुकण्याचा धोका कायमचा. कर्क्युमिन उन्हात उडतं, रंग मात्र पॉलिशनं उजळतो.

आणि डोळ्याला पैसे मिळायला लागले की डोळ्याला फसवणारे आलेच. बांगलादेशात हळकुंडं पिवळीधमक दिसावीत म्हणून पॉलिश करताना त्यावर लेड क्रोमेट, म्हणजे शिशाचा पिवळा रंग, चढवायचे. २०१९ मध्ये तिथल्या बाजारातल्या ४७ टक्के नमुन्यांत शिसं सापडलं. संशोधकांनी ते चव्हाट्यावर आणलं, सरकारनं धाडी घातल्या, दंड केले, आणि २०२१ पर्यंत हे प्रमाण शून्यावर आलं. मनात आणलं तर होतं, हा त्यातला भाग आपल्याकडे फारसा कुणी सांगत नाही.

मग टक्क्याला पैसे दिले की रामराज्य? छे. दुधात एसएनएफ मोजायला लागल्यावर युरिया कुणी घातला हो, गाईनं? अश्वगंधेच्या अर्काचा टक्का डबीवर छापायची पद्धत पडली तशी चतुर मंडळींच्या लक्षात आलं की पानात विथाफेरिन-ए हे विथॅनोलाइड भरपूर आणि पान तर कवडीमोल. मुळीच्या अर्कात पान मिसळलं की टक्का टुणकन वर. आयुष मंत्रालयाला ऑक्टोबर २०२१ मध्ये उत्पादकांना सांगावं लागलं की पानं वापरू नका. परंपरेनं औषधाला वापरतात ती मुळी. आणि विथाफेरिन-ए पेशींना मारक द्रव्य आहे, जास्त म्हणजे चांगलं असा त्याचा कायदा नाही. हळदीत तर त्याहून पुढची मजल. खनिज तेलाच्या रसायनांपासून बनवलेलं कर्क्युमिन हळदीच्या अर्कात मिसळतात. रेणू तोच, त्यामुळे साध्या तपासणीत पकडता येत नाही. मग कार्बन-१४ मोजावा लागतो: जिवंत झाडातून आलेल्या रेणूत तो असतो, लाखो वर्षं जमिनीखाली पडलेल्या तेलात नसतो. पुराणवस्तूंचं वय काढायची चाचणी आता हळदीच्या गोळीला लावायची वेळ आली.

म्हणून नुसता एक आकडा पुरत नाही. मुळी मुळीच आहे का, पान किती, कीटकनाशकाचा अंश किती, जड धातू किती, हे सगळं बघून वर टक्का. एकट्या शेतकऱ्याला हा खर्च झेपणार नाही, हे खरं. पण दहा गावांच्या शेतकरी कंपनीला झेपतो, बाजार समितीला झेपतो, आणि माल घेणाऱ्या कारखान्याला तर झेपतोच, कारण तो आजही करतो. वैद्यमंडळी म्हणतील, औषध म्हणजे एक रेणू नव्हे, अख्खी मुळी. अगदी कबूल. पण मग पाणी पिऊन फुगलेल्या मुळीबद्दलही त्यांनी एकदा बोलावं.

सरकारी पातळीवर आकड्यांची हौस आहेच. मे २०२० मध्ये अर्थमंत्र्यांनी औषधी वनस्पतींसाठी चार हजार कोटी रुपये जाहीर केले, लक्ष्य दोन वर्षांत दहा लाख हेक्टर. हेक्टर! द्रव्य किती, प्रत काय, खरेदी कोण करणार, हे आकडे त्या घोषणेच्या मथळ्यात नव्हते. हेक्टर मोजणं सोपं असतं, ते मुकाट पडून असतात.

महाराष्ट्रानं लागवडीचा उत्साह एकदा भोगून झालाय. सफेद मुसळीचं शास्त्रीय नाव आपल्या बोरीवलीवरून पडलंय, तिच्या संशोधनाची केंद्रीय संस्था गुजरातेत बोरीआवीला आहे, आणि तिच्या नावानं पस्तावलेले शेतकरी विदर्भ-खानदेशात आहेत. पंचवीसएक वर्षांपूर्वी मुसळीचं बेणं सोन्याच्या भावानं विकलं गेलं, माल परत घ्यायची लेखी हमी दिली गेली, आणि कंद तयार होईपर्यंत हमी देणाऱ्यांचे फोन लागेनासे झाले. त्या करारांत किलोचा भाव होता, सॅपोनिनचा, म्हणजे मुसळीतल्या द्रव्याचा, टक्का कुठंच नव्हता. खरंच औषध बनवायचं असतं तर त्यांनी तो विचारला असता. करारात टक्का नसेल तर समोरचा बेणं विकतोय, औषध घेत नाहीये, एवढं आता तरी ओळखा.

तेव्हा चर्चासत्रवाल्यांना एकच विनंती. पुढच्या वेळी आलेखाआधी पावती दाखवा: वजन, ओलावा, द्रव्याचा टक्का, आणि टक्क्यामागे इतके रुपये. एवढा एक रकाना कुठल्या बाजार समितीनं किंवा कंपनीनं छापला, तर पाण्याचा ताण कधी द्यायचा, युरिया कधी थांबवायचा आणि मुळी कधी उपटायची, हे शेतकरी दोन हंगामांत तुम्हालाच शिकवेल. तोवर त्यानं बिनदिक्कत वजनच वाढवावं. पैसे त्याचेच मिळतात.